दिवाळी अंकाकडून उत्तर येत नाही, आशा किती दिवस धरायची?

प्रश्न: ताई नमस्कार, मी जळगावला एका पतसंस्थेत काम करते, वय ३८. कथा लिहिते, अगदी लग्नाच्या आधीपासून. दरवर्षी दिवाळी अंकांना पाठवते आणि मग काहीच होत नाही, म्हणजे नकार पण येत नाही. अंक आले की स्टॉलवर जाऊन अनुक्रमणिका बघायची आणि अंक परत ठेवून द्यायचा. एका छोट्या अंकात एक कथा आली होती, तेवढंच. मिस्टर म्हणतात छंद म्हणून ठीक आहे, त्रास कशाला करून घेतेस. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ३५ची वयोमर्यादा आहे हे कळलं त्या दिवशी रडूच आलं, मला तो मिळणार होता असं अजिबात नाही, पण आपलं वय गेलं असं वाटलं. आता एक प्रकाशक संग्रह काढू म्हणतायत पण खर्च मी करायचा. काय करू? वाट बघू की सोडून देऊ?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: अगं, आधी ते पैशाचं. आत्ता देऊ नकोस. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात वाईट काही नाही, पण तू ते थकून काढायला निघालीयस, आणि अशा वेळी माणूस करारसुद्धा नीट वाचत नाही. किती प्रती छापणार, विकणार कोण, उरलेल्या कुठे ठेवणार, हे लेखी मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, त्यात कथासंग्रहही बसतो, तिची माहिती काढ. तिथे हस्तलिखित वाचून निर्णय होतो, म्हणजे तुझं लिखाण कुणीतरी खरंच वाचतं, मला वाटतं तुला आत्ता पैशापेक्षा त्याचीच जास्त गरज आहे.

आता त्या न येणाऱ्या उत्तराबद्दल. बरेचसे दिवाळी अंक दोन-चार माणसं आपली कामंधंदे सांभाळून काढतात, नाव असलेल्या लेखकांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, जाहिराती किती आल्या त्यावर पानं ठरतात, आणि शेवटच्या आठवड्यात चार पानं कमी झाली की नव्या लेखकाची कथा आधी बाहेर जाते. कित्येक अंक तर स्पष्टच छापतात की फक्त स्वीकारलेल्या साहित्याचं कळवलं जाईल. तेव्हा उत्तर आलं नाही याचा अर्थ कथा वाचून कुणी नाकारली असाच होत नाही, कदाचित ती उघडलीच गेली नसेल. तू मात्र दरवर्षी त्याचा अर्थ ‘मला लिहिता येत नाही’ असा लावत आलीयस, आणि ते वाचताना मला खरंच वाईट वाटलं. दीड-दोन महिन्यांनी एक साधा मेल टाकत जा, की निर्णय झाला नसेल तर कथा दुसरीकडे पाठवू का. आणि फक्त दिवाळीच का? मासिकं आहेत, पुरवण्या आहेत, वर्षाची सगळी आशा ऑक्टोबर-नोव्हेंबरवर टाकली की उरलेले दहा महिने नुसते झुरण्यात जातात.

वयाचं म्हणशील तर डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९मध्ये डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. पण त्याआधीही ते हौशी रंगभूमीवर नाटकं करतच होते, मला त्यांच्या निर्णयापेक्षा ती आधीची वर्षं मोठी वाटतात. सुनीताबाई देशपांड्यांचं पहिलं पुस्तक १९९०मध्ये आलं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तू जळगावची, म्हणून लोक तुला बहिणाबाईंचं नाव सांगतील, मी मुद्दाम सांगत नाहीये. त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२मध्ये आलं, त्या गेल्यावर, आणि त्या काही छापून येण्याची वाट बघत बसल्या नव्हत्या. तू बघतेयस, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मला तुला खरं तर फाळक्यांचं सांगायचंय. दादासाहेबांच्या डोक्यात सिनेमा शिरला तेव्हा ते चाळिशीत होते, छापखान्याच्या धंद्यातून बाहेर पडलेले, घरात पोरंबाळं. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून १९१२मध्ये लंडनला गेले, कॅमेरा विकत घेतला, आणि मग परत अडलं, कारण चित्रपट काढायला भांडवल हवं आणि जी गोष्ट इथे कुणी केलेलीच नाही तिच्यावर पैसे कोण लावणार? तेव्हा त्यांनी काय केलं, तर वाटाण्याचा एक दाणा कुंडीत लावला, कॅमेरा समोर ठेवला आणि ते रोप कसं वाढतं हे रोज थोडं थोडं टिपत राहिले. जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली, ‘अंकुराची वाढ’. ती लोकांना दाखवली, आणि ती बघून पैसे द्यायला माणूस तयार झाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडायचं कामही शिकून घेतलं. ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

यातला मला तो वाटाणा फार आवडतो. भांडवल येईपर्यंत हात बांधून बसले नाहीत, आणि हातात होतं तेवढ्यातच पूर्ण होईल अशी एक छोटी गोष्ट पूर्ण केली, ती माणसांसमोर ठेवली. दोन्ही केलं. तू पहिलं करतेयस, कथा पूर्ण करतेयस, पण त्या थेट संपादकाच्या मेलबॉक्समध्ये जातात आणि मधे एकही वाचणारा माणूस नाही. अशाने आशा टिकतच नाही गं, तिला कुणाच्या तरी तोंडून ‘मग पुढे काय झालं?’ हे ऐकू यावं लागतं. तेव्हा यंदा एक कथा माणसांना वाचून दाखव. गावातल्या वाचनालयात विचार, महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या शाखा ठिकठिकाणी आहेत तिथे कार्यक्रम होतात, जळगावला आकाशवाणी आहे, तिथे कथावाचनाची संधी मिळते का चौकशी कर. आणि मिस्टरांना बसवून एक कथा ऐकवलीयस का कधी? ते जे बोलले ते तुझी तगमग बघून बोलले असतील, त्यांनी कथा ऐकलेलीच नसेल तर त्यांच्या मताला फार वजन देऊ नकोस, आधी ऐकव.

ऐकवताना लोक कुठे चुळबुळ करायला लागतात ते बघ, तिथे कथा सैल असते. हे कानाला कळतं, कागदावर कळत नाही. कथा कमी पडत असतील तर तेही तिथेच कळेल, आणि ते कळलेलं चांगलं, कारण त्यावर काम करता येतं, न आलेल्या उत्तरावर काय काम करणार?

सोडून दे असं मी म्हणणार नाही. यंदा छापून येईलच असंही म्हणणार नाही, ते तुझ्या हातात नाही आणि माझ्याही. पाठवायची ती कथा पाठव आणि त्याच आठवड्यात दुसरी सुरू कर, म्हणजे वाट बघणारं मन लिहिण्यात अडकलेलं राहील.

आणि एक विचारायचं राहिलं, तू पतसंस्थेवर कधी लिहिलंयस का? पेरणीच्या तोंडावर सोनं तारण ठेवायला येणाऱ्या बायका, पिग्मी गोळा करणारा एजंट, हप्ता थकला म्हणून नजर चुकवून जाणारा ओळखीचा माणूस, हे तू रोज बघत असशील. लिहिलं असशील तर ती कथा आधी वाचून दाखव, आणि नसशील तर पुढची तीच घे.