वायरवरचं नेट ९४ वरच अडकलंय?
भावा, २०० चा प्लॅन असून वायरवर ९४-९५ एमबीपीएसच येत असेल, तर लगेच कंपनीला फोन लावू नकोस. या आकड्यावरूनच कळतं, लिंक, म्हणजे राउटर आणि कॉम्प्युटरमधली वायरची जोडणी, १०० एमबीपीएसवर जुळलीय. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघून घे. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे बाकीच्या चारांपैकी एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तरी नेट चालूच राहतं, फक्त रखडतं. म्हणून आधी दुसरी छोटी केबल थेट राउटरला लाव. तरी तेच? मग राउटरचे पोर्टच (केबल लावायच्या खाचा) १०० चे असतील, स्वस्तातल्यांचे बऱ्याचदा असतात. कोल्हापुरात राजारामपुरीत नवी केबल घ्यायला गेलास तर कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रकारची, पण अस्सल तांब्याचीच माग. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते खरी, पण वाकवली की आतून मोडण्याची भीती जास्त.