वाचकांचे प्रश्न : पुस्तक सुचवा, शेवट नको

गूढकथा, भयकथा आणि रहस्यकथा आवडीनं वाचणाऱ्यांच्या पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. सगळे प्रश्न कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांचे आहेत.

प्रश्न : आम्ही राजारामपुरीतले आठ जण महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येकानं एक भयकथा नाहीतर थ्रिलर सुचवायचा, असा नेम आहे. पण सुचवलेली निम्मी पुस्तकं दुसऱ्याला रुचत नाहीत, आणि बोलता बोलता शेवट फुटतो तो वेगळाच. काही पद्धत आहे का?

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. पुस्तक सुचवताना आपण गोष्ट सांगत बसतो, आणि त्यातली भीती कसली आहे हे सांगायचं राहून जातं. ‘भयकथा’ या एका पाटीखाली निदान चार-पाच चवी येतात. एक अंगावर येणारी : रक्त, किळस, समोरासमोरचा हल्ला. दुसरी दबा धरून बसलेली : शंभर पानं काही घडत नाही, फक्त माडीवरचं एक दार रोज थोडं जास्त उघडं दिसतं. तिसरी मनातली, जिथे सांगणाऱ्यावरच विश्वास ठेवावा की नाही हे कळेनासं होतं. चौथी घड्याळाची, वेळ संपत आलेली आणि माणूस धावतोय. बहुतेक थ्रिलर इथले. पाचवी कोड्याची : कुणी केलं आणि कसं केलं. पहिलीचा चाहता दुसरीला रटाळ म्हणतो, दुसरीचा चाहता पहिलीला भडक म्हणतो. पुस्तकात खोट नसते, ते चुकीच्या हातात पडलेलं असतं.

म्हणून प्रत्येकानं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून आणावं. वर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं. त्याखाली भीतीचा प्रकार, एका शब्दात. मग ‘पकड कितव्या पानावर’. हा आकडा आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चारशे पानांची कादंबरी ऐंशीव्या पानाला पकडते हे ठाऊक असलं, तर वाचक साठाव्या पानावर ती मिटून ठेवत नाही. त्यानंतर इशारा : लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा, आत्महत्या, प्राण्यांचे हाल यांतलं काही असेल तर स्पष्ट लिहा. यानं रहस्य फुटत नाही, आणि ज्याला ते सोसवत नाही त्याचा त्रास टळतो. गोष्टीची दोनच वाक्यं अगदी तळाशी, तीही पुस्तकाच्या पहिल्या दहाव्या हिश्शातली.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’चं कार्ड असं होईल : ‘१८९७ सालची कादंबरी. भीती : आधी दबा धरलेली, पुढे पाठलागाची. एक तरुण वकील घरखरेदीचे कागद घेऊन डोंगरातल्या एका किल्ल्यात उतरतो. यजमान फार अदबशीर आहे, पण तो जेवताना कधी दिसत नाही.’ एवढं पुरे. खाली एक सूचना मात्र हवी, की सगळी कादंबरी रोजनिशी, पत्रं आणि तारा यांतून उलगडते; किल्ल्यातला भाग संपला की पत्रांमध्ये वेग मंदावतो, तिथे धीर धरा.

आता फसतं कुठे ते. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण तोच रहस्यभेद असतो. ते ऐकलेला माणूस पहिल्या पानापासून प्रत्येकावर संशय घेत वाचतो आणि धक्क्याच्या आधीच तिथे जाऊन पोचतो. ‘अगदी अमुक कादंबरीसारखं आहे’ हेही नको; त्या अमुक कादंबरीचा शेवट ज्याला माहीत आहे, त्याला या पुस्तकाचाही कळला. ‘डॉक्टरवर लक्ष ठेव’ तर मुळीच नको. भीतीचा प्रकार लिहितानाही जपा. वाचताना बहुतेक पानांवर काय वाटतं ते लिहा. भूत खरं निघतं की माणसाचा डाव, हे त्यात येता कामा नये.

बैठकीचे दोन भाग करा. आधी कार्डं, सगळ्यांसमोर. मग चहा, आणि चहानंतर फक्त पुस्तक संपवलेल्यांची बैठक. बाकीच्यांनी तेवढा वेळ खरंच उठून बाहेर जावं. आणि आठ जणांनी आठ पुस्तकं सुचवली तरी महिन्याला दोनच निवडा. आठही वाचू म्हटलं की एकही वाचून होत नाही.

प्रश्न : नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी दोघांचं नाव सारखं ऐकते. मी दोघांचं काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कुणापासून करू?

उत्तर : तुमच्याकडे सलग किती वेळ आहे, यावर ठरवा. मतकरींची गूढकथा एका बैठकीत संपते आणि तिचा सगळा भार शेवटच्या काही ओळींवर असतो. बसमध्ये दोन थांब्यांच्या मध्ये तुकड्यातुकड्यानं वाचली तर तो परिणाम सांडून जातो. ‘खेकडा’ किंवा ‘मध्यरात्रीचे पडघम’ घ्या, रात्री जेवणं आटोपल्यावर एकच कथा वाचा आणि पुस्तक मिटा. एकापाठोपाठ पाच वाचल्या तर सहावीत तुम्ही शेवट हुडकू लागता, आणि नुकसान तुमचंच होतं. त्यांची माणसं चाळीतली, फ्लॅटमधली, कचेरीतली असतात. भूत नसलं तरी माणसाच्या हावेनं आणि अपराधाच्या जाणिवेनं कथा गारठवते. आमच्या मते मराठीत हे काम त्यांच्याइतकं नेमकं कुणी केलेलं नाही.

धारपांना लांब पल्ला मानवतो. त्यांच्याकडे अमानवी शक्ती आडपडदा न ठेवता येते, तिचे नियम असतात आणि तिच्याशी झुंजणारी माणसंही असतात. ज्यांना आधार देणारा नायक हवा त्यांनी ‘समर्थ’च्या कथा घ्याव्यात : संकट, मग समर्थांचं येणं, मग सामना. हा साचा ओळखीचा झाला की भीती कमी होते, म्हणून समर्थकथा दोन-तीनच वाचून कादंबऱ्यांकडे वळा. ‘ग्रहण’ किंवा ‘४४० चंदनवाडी’ ठीक राहील.

दोघांनंतरचं हवं असेल तर हृषीकेश गुप्ते यांचं ‘अंधारवारी’. कथा दीर्घ आहेत, गाव आणि माणसं हळूहळू उभी राहतात, त्यामुळे पहिली वीस पानं घाईनं वाचू नका.

वाचनालयात शोधताना एक लक्षात ठेवा. १८५० पासून चालत आलेलं आपलं करवीर नगर वाचन मंदिर असो की पेठेतलं लहान वाचनालय, बहुतेक ठिकाणी गूढकथेचं कपाट वेगळं नसतं. कथा आणि कादंबरी अशी विभागणी असते. म्हणून ‘भुताचं काही आहे का’ असं न विचारता लेखकाच्या नावानं मागा. दिवाळीनंतर ‘धनंजय’ आणि ‘नवल’ या दिवाळी अंकांसाठी नाव लवकर लावून ठेवा. नवे लेखक तिथे आधी भेटतात.

प्रश्न : ‘लुचाई’ हे स्टीफन किंगचं भाषांतर आहे असं मित्र म्हणतो. खरं काय? आधी कुठलं वाचावं?

उत्तर : ओळ न् ओळ भाषांतर नाही. किंगच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर धारपांनी ती बेतली आहे, तशी ‘शपथ’ किंगच्या ‘इट’वर. बीज तिकडचं, माती इकडची. इंग्रजी सराईतपणे वाचता येत असलं तरी आम्ही आधी ‘लुचाई’च वाचायला सांगू. गाव, वाडा, माणसांची बोली ओळखीची असली की भीती थेट घरात शिरते. परक्या देशातल्या शहरगावाची कल्पना करण्यात अर्धं लक्ष खर्च होत नाही. नंतर मूळ कादंबरी वाचताना, धारपांनी काय ठेवलं, काय सोडलं आणि काय बदललं हे पाहण्यात वेगळी मजा आहे. दोन्हींच्या मध्ये निदान चार-सहा महिने जाऊ द्या.

प्रश्न : आईचं वय सत्तर. तिला रहस्य आवडतं, रक्तपात सोसत नाही. काय आणून देऊ?

उत्तर : अगाथा ख्रिस्ती. १९३९ सालच्या तिच्या ‘अँड देन देअर वेअर नन’ या कादंबरीत दहा माणसं एका बेटावर अडकतात आणि एकेक जण मरत जातो, तरी वर्णनात किळसवाणं काही नाही. सगळा जोर कोड्यावर. मराठीत द. पां. खांबेटे यांची ‘माझे नाव रमाकांत वालावलकर’ ही कथा शोधून द्या. आणि पुस्तक घेण्याआधी आत उघडून अक्षराचा आकार बघा. जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक असतो आणि आईला पुस्तक आवडलं नाही असं आपण समजतो. ई-बुक मिळत असेल तर टॅबवर अक्षर मोठं करून द्या.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे, भुताचंच हवं म्हणतो.

उत्तर : शेरलॉक होम्सची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला आहे. ओसाड माळ, घराण्याला लागलेला शाप, प्रेताजवळ उमटलेले राक्षसी कुत्र्याचे ठसे. ते भूत आहे का, हे त्याला स्वतःला शोधू द्या. मतकरी आणि धारप दोन वर्षांनी.

प्रश्न : रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. अशा आपल्याकडच्या गोष्टी कुठे वाचायला मिळतील?

उत्तर : ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि तो रंकाळ्याला पोचला की जगबुडी, असं सांगतात. ही दंतकथा नीट बघा. तिच्यात किंकाळी नाही, रक्त नाही, फक्त दोन धान्यांच्या दाण्यांमधला फरक आहे. तो मोजता येतो म्हणूनच अंगावर काटा येतो. दबा धरून बसलेली भीती म्हणतात ती हीच.

छापील साधनांत आर. ई. एन्थोवेन यांचं १९२४ सालचं ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ मोठ्या ग्रंथालयांत विचारा. इंग्रजी आहे, सरकारी थाटाचं आहे, पण माहितीची खाण आहे. वाचताना प्रत्येक भुताचा नियम वहीत टिपत जा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा, त्याचा मुक्काम पिंपळावर. गिऱ्हा पाण्यातला. चकवा दिसत नाही, तो फक्त वाट चुकवतो, आणि माणूस रात्रभर चालून पहाटे निघाल्या जागीच येतो. कुठलीही नवी मराठी भयकथा हाती आली की हा नियम लावून बघा. चकवा दिसू लागला, रक्त पिऊ लागला आणि मंत्रानं पळूही लागला, तर लेखकानं चार चित्रपट एकत्र कालवले आहेत असं समजा. तसं पुस्तक आम्ही पुढे सुचवत नाही. ज्याला नियमच नाही त्याला घाबरायचं कसं?

प्रश्न : शाहूपुरीतल्या आमच्या घरी आजोबांच्या बाबुराव अर्नाळकरांच्या आणि सुहास शिरवळकरांच्या जुन्या पुस्तकांची पेटी आहे. २०१९ च्या पुरात ती भिजली नाही, पण ओल लागली. कुबट वास येतो, काहींना बुरशी आहे. ती वाचता आणि वाटता येतील का?

उत्तर : येतील, आणि नक्की वाटा. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय अशी त्यांची पात्रं. त्या पुस्तिका वाचून झाल्यावर टाकून देण्यासाठीच छापल्यासारख्या स्वस्त कागदावर निघत, म्हणून आज धड प्रती कमी उरल्या आहेत. शिरवळकरांना अनेक जण १९८२ च्या ‘दुनियादारी’मुळेच ओळखतात, त्यांना या पेटीतला त्यांचा वकील-नायक अमर विश्वास द्या. कोर्टातली उलटतपासणी आवडणाऱ्याला तो सोडवणार नाही.

आता काम. पावसाळ्यात हात लावू नका. हवा कोरडी झाली की दिवाळीनंतर करा. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि काम गच्चीत नाहीतर अंगणात. बुरशीची पूड घरात उडू देऊ नका. पुस्तक सावलीत उभं करून पानं पंख्यासारखी पसरा आणि वारा लागू द्या. उन्हात ठेवलं तर कागद आणखी पिवळा आणि ठिसूळ होतो. ओल जाणवत असेल तर दर दहा-पंधरा पानांमध्ये कोरा पांढरा कागद घाला आणि तो दमट झाला की बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पूर्ण वाळल्यावरच मऊ ब्रशनं बुरशी झाडा, शिलाईकडून बाहेरच्या दिशेनं. ओली असताना पुसली तर ती कागदात मुरते.

पिना गंजल्या असतील तर त्यांची टोकं बोथट सुरीनं उचकटून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मारा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होतो, टेप सुटते आणि डाग राहतो. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ पुरते.

कसर लागली असेल तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून चांगल्या थंड फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. डांबराच्या गोळ्या पानांत ठेवू नका. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर तो कडकडीत वाळलेला हवा.

आणि कुणाला देण्याआधी शेवटची पानं मोजा. वरचं वेष्टन आणि शेवटची दोन-चार पानं आधी निखळतात, आणि रहस्यकथेत खुनी तिथेच सापडतो. पानं कमी असतील तर पहिल्या पानावर पेन्सिलनं तसं लिहा; अशी प्रत टाकू नका. त्याच पुस्तकाची दुसरी अर्धवट प्रत आणखी कुणाच्या माळ्यावर असू शकते. हरवलेल्या पानांची झेरॉक्स त्याच मापात कापून जोडली की पुस्तक पुन्हा वाचण्याजोगं होतं.