तळघरातली बेवारस '३७०झेड': तीन लाखांत स्वस्त की महाग?

प्रश्न: पुण्यात आमच्या सोसायटीच्या तळघरात निसानची ३७०झेड ही स्पोर्ट्स कार सहा वर्षं धूळ खात पडली आहे. एमएच १२, नोंदणी ऑगस्ट २०१० ची. मालक ऑस्ट्रेलियात, कुणाला दाद देत नाहीत. नाशिकचे त्यांचे भाऊ म्हणतात, 'तीन लाख द्या, घेऊन जा. लोन केव्हाच बुडालंय.' आरसीवर मात्र एका खासगी बँकेचा बोजा दिसतो. सेक्रेटरी म्हणतात, पार्किंगची थकबाकी ९० हजार भरा, आम्ही ठराव करून देतो. माझ्या हातात महिना १ लाख ४० हजार येतात, घराचा हप्ता ४२ हजार, घरखर्च ४५ हजार, एफडी १४ लाख. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला दोन वर्षांनी ४ लाख लागतील. गाडी नीट करून २५ लाखांना विकता येईल असं वाटतं. घेऊ का?

उत्तर: या भावात नाही. आणि भावांना तर एक रुपयाही देऊ नका, कारण विकायला त्यांच्याकडे काहीच नाही. मालक हयात आहे. सख्खा भाऊ असला तरी नोंदणीकृत मालकाच्या सहीशिवाय किंवा रीतसर मुखत्यारपत्राशिवाय त्याला गाडी विकता येत नाही. सोसायटीच्या ठरावाचंही तेच. थकबाकी मागण्याचा सोसायटीला हक्क आहे, पण तो ठराव आरटीओच्या खिडकीवर कुणी हातात घेणार नाही.

'बेवारस आहे, म्हणजे ताबा असेल त्याची' हा समज काढून टाका. भारतीय करार कायद्याच्या कलम १६९ मध्ये सापडलेली वस्तू विकायची सोय आहे, पण ती मालक शोधूनही सापडत नसेल किंवा कायदेशीर खर्च द्यायला नकार देत असेल तरच. शिवाय वस्तू नासून जाण्याच्या बेताला आलेली हवी किंवा तो खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशांपर्यंत गेलेला हवा. तुमची गाडी हरवलेली नाही, मालकाचं नाव-गाव माहीत आहे. ती परस्पर वापरायला घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली, म्हणजे मालमत्तेच्या अपहाराखाली, तक्रार होऊ शकते. वाहतूक पोलीस उचलून नेतील असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ सार्वजनिक जागेत सोडलेल्या वाहनांसाठी आहे, सोसायटीच्या तळघरासाठी नाही.

पैशांकडे वळण्याआधी एक फुकटची तपासणी करा. बॉनेट उघडून चेसिस नंबर पाहा. निसाननं भारतात अधिकृतपणे विकलेल्या गाडीचा नंबर १७ अक्षरांचा आणि 'जेएन१'नं सुरू होणारा असायला हवा. तिथे 'झेड३४', मग आडवी रेघ आणि पुढे फक्त आकडे दिसले, तर ती मूळची जपानच्या देशांतर्गत बाजारातली गाडी आहे. मग ती कोणत्या वाटेनं आली हा प्रश्न उभा राहतो: परदेशातून कायमचं परतताना कुणी ड्युटी भरून आणली, की कार्नेवर, म्हणजे ड्युटी न भरता तात्पुरती गाडी आणण्याच्या परवान्यावर, येऊन परत गेलीच नाही? कार्नेवरची गाडी नोंदवता येत नाही. अशा गाडीला एमएच १२ क्रमांक मिळालेला दिसला तर त्यामागच्या कागदांत काहीतरी काळंबेरं आहे. आरटीओच्या मूळ फाइलमध्ये बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडचा आयातीचा कागद) आणि ड्युटी भरल्याची पावती आहे का, हे मालकाच्या अर्जावरून काढून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सनं 'ऑपरेशन नुमखोर'मध्ये भूतानमार्गे आलेल्या गाड्या उचलल्या, तेव्हा नंतरच्या खरेदीदारांच्या दारातूनही गाड्या गेल्या. नंतरच्या खरेदीदाराला आयातदार समजून त्याच्याकडून ड्युटी मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये एका पोर्शेच्या प्रकरणात म्हटलं आहे खरं, पण तो निकाल मिळेपर्यंत वर्षं गेली. तेवढा दम तुमच्या एफडीत नाही. रेघवाला नंबर निघाला आणि बिल ऑफ एंट्री नसेल, तर विषय तिथेच संपला.

नंबर सरळ निघाला असं धरू. आता बँक. 'लोन बुडालं' याचा अर्थ बँकेनं ते आपल्या हिशेबात राइट-ऑफ केलं असेल, म्हणजे बुडीत धरलं असेल, एवढाच. बोजा त्यानं उतरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार बँकेच्या संमतीशिवाय हस्तांतर होत नाही. बोजा उतरवायला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो. किती रकमेवर मिटवणार हे बँक तुम्हाला सांगणार नाही, कर्जदारालाच सांगेल. म्हणून पहिली पायरी एकच: ऑस्ट्रेलियातल्या मालकाचा ईमेल. त्यानं बँकेकडून तडजोडीचं लेखी पत्र मागवायचं आणि तुमच्या ओळखीच्या वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र द्यायचं. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं हवं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. 'परिवहन' या सरकारी पोर्टलवर हस्तांतराचं काम आधारच्या ओटीपीनं करायचं म्हटलं तर मालकाचा आधारला जोडलेला भारतीय मोबाइल नंबर चालू लागतो. सहा वर्षं बाहेर असलेल्या माणसाचा तो बहुधा बंद असतो. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० कागदावर सह्या करूनच मागवा. आरसी हरवली असेल तर आधी फॉर्म २६ वर दुय्यम प्रत.

इथे एक गुंता आहे, तो नीट समजून घ्या. पंधरा वर्षांची नोंदणी ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. मुदत संपलेल्या आरसीवर हस्तांतर सहसा पुढे सरकत नाही. आधी फॉर्म २५ वर नूतनीकरण, तेही जुन्या मालकाच्या नावानं. त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते, म्हणजे दुरुस्त झालेली लागते. थोडक्यात, गाडी तुमची होण्याआधीच तुमचे सगळे पैसे तिच्यात जातात, आणि त्या टप्प्यावर मालकाचा विचार बदलला तर तुम्ही त्याची गाडी फुकटात सजवून दिलेली असते. म्हणून करारनाम्यात दोन गोष्टी हव्यात. हस्तांतर झालं नाही तर दुरुस्तीचा खर्च मालक देणार, आणि किमतीची रक्कम वकिलाकडे राहून 'वाहन' पोर्टलवर तुमचं नाव चढल्यावरच सुटणार. व्यवहार बँकेतून करा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो.

आकडे मांडू. आयात मोटारीच्या नूतनीकरणाची फी ४० हजार. उशिराचे महिन्याला ५०० म्हणजे वर्षाचे ६ हजार. हस्तांतर, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, आरटीओपर्यंत फ्लॅटबेडचं भाडं धरून सगळे मिळून ६० हजार समजा. थर्ड पार्टी विम्याचा १५०० सीसीवरचा ठरलेला दर ७,८९७, जीएसटीसह सुमारे ९,३००.

दुरुस्तीला मी ४ लाख धरतो आणि ते उदार वाटत नाहीत. कुणाच्याही उत्साहाला बळी पडून बॅटरी जोडून स्टार्ट मारू नका. ७२ लिटरच्या टाकीत सहा वर्षांचं पेट्रोल असेल तर त्याचा चिकट गाळ झालेला असतो. तो पंप आणि इंजेक्टरमध्ये ओढला गेला की खर्च दुप्पट. सुरुवातीच्या वर्षांतल्या या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक अडकण्याचा रोग आहे: बॅटरी उतरून परत जोडली की डॅशवर पिवळी किल्ली पेटते, स्टिअरिंग हलत नाही आणि गाडी मख्ख बसते. मॅन्युअल असेल तर क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणाच्या आत असतो, रबर वाळलं की गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय इलाज नाही. सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे टायमिंग कव्हरमागचं ऑइल गॅलरीचं, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या वाटेचं, कागदी गॅस्केट. ते फाटलं की गरम इंजिन आयडलवर असताना तेलाचं प्रेशर घसरतं. डॅशवर काटा तेलाच्या तापमानाचा आहे, प्रेशरचा नाही, म्हणून मेकॅनिककडून वेगळा गेज लावून मोजून घ्या. टायर १९ इंची, पुढे २४५, मागे २७५. चारही बदलावे लागतील, तळ कितीही जाड दिसला तरी.

बेरीज: ३ लाख, थकबाकी ९० हजार, आरटीओ ६० हजार, दुरुस्ती ४ लाख, विमा. ८ लाख ६० हजारांच्या आसपास, आणि यात बँकेची तडजोड नाहीच.

तुमच्याकडे खरं मोकळं किती? हप्ता आणि घरखर्च मिळून ८७ हजार, सहा महिन्यांचे सव्वापाच लाख एफडीत राहायलाच हवेत. मुलीचे ४ लाख हलवायचे नाहीत. उरले पावणेपाच. म्हणजे दुरुस्ती आणि कागद यांतच हात रिकामा होतो, किमतीला काही उरत नाही.

२५ लाखांवर विसंबू नका. जाहिरातीतला भाव म्हणजे सौदा नव्हे, आणि या गाडीचे गिऱ्हाईक देशात मोजके. जो येईल तो तुमच्याच आरसीवर 'दुसरा मालक' हे वाचून आणि गाडी सहा वर्षं बंद होती हे ऐकून भाव पाडेल. ऑगस्ट २०३० मध्ये गाडी वीस वर्षांची झाली की नूतनीकरण ८० हजारांना आहे, हेही त्याला ठाऊक असेल. वापरायला ठेवली तर पेट्रोल, सर्व्हिस, विमा यांचे वर्षाला लाखभर आणि साडेसहा टक्क्यांनी बुडालेलं व्याज ५६ हजार. कराची बाजू मात्र साधी आहे: स्वतःच्या वापराच्या मोटारीवर नफा झाला तर भांडवली कर नाही, तोटा झाला तर वजावटही नाही. मात्र मुळातच विकण्यासाठी घेतली, तर प्राप्तिकर खातं त्याला धंदा म्हणू शकतं.

मालकानं बँक स्वतः मिटवली, सोसायटीची थकबाकी भरली आणि गाडी पन्नास हजारांच्या आत देऊ केली, तर गॅरेजचा लेखी अंदाज हातात घेऊन मला पुन्हा लिहा. वकील आणि मेकॅनिकच्या तपासणीवर आत्ता २० हजारांपर्यंत खर्च करायला माझी हरकत नाही, पण चेसिस नंबर पाहिल्यानंतर.

मालक गप्पच राहिला तर सोसायटीनं बँकेला लेखी कळवावं की तुमची तारण गाडी इथे उभी आहे. बँक ताबा घेऊन फॉर्म ३६ वर आरसी स्वतःच्या नावानं करून घेऊ शकते आणि लिलावात काढू शकते. तशी घेतलेली गाडी तुमच्या नावावर चढवणं सगळ्यात सोपं. लिलावाच्या अटींत 'भंगार म्हणून' हे शब्द मात्र शोधा. ते असले तर नोंदणी रद्द झालेली असते आणि तुम्ही जे घ्याल ते फक्त सुटे भाग असतील. बोली लावायची झाली तर लाखाच्या खाली थांबा आणि उरलेली दुरुस्ती पगारातून वर्षभरात करा, एफडीतून नव्हे.