उतारावरचं पाणी आणि गुडघ्यासाठी ठेवलेली एफडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहकारनगरात तळजईच्या उतारावर १९८१ साली बांधलेला बंगला. रस्ता वरच्या अंगाला, घर खाली, मध्ये गेटपासून पोर्चपर्यंत ४५ फुटांचा उतरता रॅम्प. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, शेवटी काँक्रीट झालं आणि रस्ता गेटच्या उंबऱ्यापेक्षा वर आला. आता जोराचा पाऊस झाला की पोर्चमध्ये घोट्याएवढं पाणी साचतं. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन ४ लाख ८५ हजारांचं: सगळा रॅम्प फोडून नवा, वर-खाली जाळीचे दोन चर, पोर्चखाली टाकी आणि २ एचपीचा पंप. वाचक ६८ वर्षांचे, पेन्शन ४८ हजार, घरखर्च ५५ हजार. बचत खात्यात २ लाख ८० हजार आणि बँकेत ९ लाखांची एफडी, तीन वर्षांची, ७.२५ टक्क्यांची, १४ महिने झालेली. पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. एफडी मोडावी, की मुलगा म्हणतो तसं त्याला पाच लाखांचं पर्सनल लोन काढू द्यावं?

नमस्कार काका,

(“काका म्हटलंत तरी चालेल” असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून.)

एफडी मोडू नका आणि मुलालाही कर्ज काढू देऊ नका. एवढं कामच करायची गरज मला दिसत नाही. मी इंजिनिअर नाही, पण अशा खर्चात पैशाचा निर्णय पाण्याच्या हिशोबावर ठरतो, म्हणून आधी पाण्याचंच बोलते.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. गेटच्या फटीखालून तांबूस पाण्याचा पट्टा आत शिरतो, त्यात गुलमोहराची पानं, एक निळी स्लीपर, आणि ते सगळं वॅगन-आरच्या मागच्या चाकाशी जाऊन थांबतं. म्हणजे हे पाणी तुमच्या रॅम्पवर पडलेलं नाही, बाहेरून आलेलं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचा रॅम्प साधारण ५० चौरस मीटरचा. तासाभरात ५० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या मानाने चांगलाच झोडपणारा पाऊस धरला, तरी त्यावर अडीच हजार लिटर पडेल. तुमच्या गेटच्या वरच्या बाजूचा रस्ता ६ मीटर रुंद आणि ६० मीटर लांब धरला तर तिथे त्याच तासात १८ हजार लिटर जमतं. त्यातलं सगळं तुमच्याकडे वळत नाही, पण निम्मं वळलं तरी तुमच्या स्वतःच्या पाण्याच्या साडेतीनपट होतं. कॉन्ट्रॅक्टरने हे सगळं आधी आत घ्यायचं, खाली पोर्चपर्यंत आणायचं आणि मग पंपाने उपसायचं ठरवलंय!

आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. गेल्या सप्टेंबरात शेजारच्या बांधकामाच्या वाळूच्या गोण्या तुमच्या गेटला आडव्या पडल्या होत्या, त्याबद्दल तुम्ही त्यांच्याशी वादही घातलात, आणि त्या रात्री “नशिबाने पोर्च फक्त ओला झाला”. काका, नशिबाने नव्हे, गोण्यांनी.

म्हणून गेटच्या आत, तुमच्या हद्दीत, चार इंचांचा उंचवटा घालून घ्या. दोन्ही बाजूंना चार-पाच फुटांचा ढाळ ठेवला की गाडीचं पोट घासत नाही. गेटबाहेर रस्त्यावर घालू नका, ते अतिक्रमण ठरतं. उंचवट्याच्या आतल्या बाजूला जाळीचा एकच चर. जाळी गाडीचं वजन पेलणारी हवी आणि हाताने उचलता येणारी हवी, कारण पानं काढावी लागणारच. तुमच्या गेटवर गुलमोहर आहे, हे विसरू नका.

आता हे चराचं पाणी सोडायचं कुठे? पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की मागच्या बोळात पावसाळी गटाराचं चेंबर आहे आणि बोळ तुमच्या पोर्चपेक्षाही खाली आहे. हे वाचून मी हसले. ज्या उताराने पाणी घरात आणलं तोच उतार ते मागे घेऊन जाईल, तर पंप कशाला? साइड मार्जिनमधून, म्हणजे घर आणि कुंपणामधल्या मोकळ्या पट्ट्यातून, सहा इंची पाइप, शंभर फुटांना एक फूट ढाळ, वळणावर एक आणि शेवटी एक चेंबर. पावसाळी गटाराला जोड द्यायला महापालिकेची परवानगी लागते, ती घ्या. गवंडी म्हणेल, “काका, ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकू, जवळ पडतंय.” अजिबात ऐकू नका. ड्रेनेज म्हणजे सांडपाण्याची लाइन, ती तुंबली की तेच पाणी उलटं येतं, आणि ते पावसाचं नसतं. शेजाऱ्याच्या कुंपणाकडेही सोडू नका. शोषखड्ड्याचं तुम्ही विचारलंय, पण बोअर घेताना १२ फुटांवरच काळा पाषाण लागला होता असंही तुम्हीच सांगताय. तिथे मोठ्या पावसाचं पाणी वेळेत जिरणार नाही, आणि पायाजवळ ते साठवून ठेवण्यात शहाणपण नाही.

पंपाबद्दल माझं मत थोडं पूर्वग्रहाचं आहे, ते मान्य करते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याने तुमच्या भागात हाहाकार केला त्याच रात्री, आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पंप होता. चांगला, नवा. वीज गेली. दीड तासाने आली तेव्हा पंपाच्या फ्लोटवर, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या बटणावर, दुधाची पिशवी अडकलेली होती. सकाळी वॉचमन गुडघाभर पाण्यात उभा राहून ती काढत होता. पंप ज्या रात्री लागतो त्याच रात्री वीज जाते, आणि घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर २ एचपी चालत नाही. मग जनरेटर आला, त्याची देखभाल आली. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने असा कायमचा खर्च घरात आणण्याआधी शंभरदा विचार करावा.

आता पैसे. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात “जीएसटी वेगळा” लिहिलंय. १८ टक्के म्हणजे ८७,३००. काम ४ लाख ८५ हजारांचं नाही, ५ लाख ७२ हजारांचं आहे. गेल्या पावसाळ्यात तुमचं नुकसान किती झालं? वॉशिंग मशिनची मोटर आणि गाडीतलं कार्पेट मिळून २०,५००. नुसतं नुकसान वाचवायचं म्हटलं तर हा खर्च वसूल व्हायला २८ वर्षं लागतील.

एफडी आज मोडलीत तर बँक ७.२५ देणार नाही. ठेव ठेवली त्या दिवशी एक वर्षासाठी जो दर होता तो, तुमच्या पावतीप्रमाणे ६.८, त्यातून एक टक्का दंड वजा. म्हणजे ५.८. चौदा महिन्यांत पंधरा हजारांच्या आसपास व्याज गेलं. ही रक्कम तशी मोठी नाही, मला खटकतं ते वेगळंच. ऑपरेशनला मेडिक्लेम कमी पडला तर हात घालायला ही एकच जागा आहे, आणि तुम्ही ती सहा महिने आधी काँक्रीटमध्ये ओतताय.

मुलाचं पर्सनल लोन पाच लाख, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता १७ हजारांच्या वर आणि व्याज १ लाख १५ हजार. “दुरुस्तीच्या कर्जावर टॅक्समध्ये सूट मिळते” असं तो म्हणतो, ते अर्धवट खरं आहे. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीच्या व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट आहे, पण जुन्या करपद्धतीत आणि घराच्या मालकाला. घर तुमच्या नावावर, तो नव्या पद्धतीत. शून्य. कॉन्ट्रॅक्टरने दाखवलेलं मिळकत करातल्या सवलतीचं गाजरही तसंच. रेनवॉटर हार्वेस्टिंगसारख्या सोयींवर महापालिका ५ ते १० टक्के सवलत देते, पण बिलातल्या फक्त सर्वसाधारण कर या भागावर. तुमचं पूर्ण बिल १४ हजारांचं. सवलत हजाराच्या आतबाहेर. शिवाय त्याच्या कोटेशनात हार्वेस्टिंग नाहीच, पाणी उपसून फेकायचंय.

त्याच्याच दरांनी मी बेरीज केली. उंचवटा, चर आणि जाळी ४५ हजार. पाइप आणि दोन चेंबर ४० हजार. यात तुम्ही न मागितलेले ३० हजार मी घालतेय. तुमचा रॅम्प गुळगुळीत कोब्याचा आहे, जुलैपासून त्यावर शेवाळं धरतं, आणि दिवाळीनंतर काकू त्यावरून वॉकर घेऊन चालणार आहेत. कोब्याला आडव्या खाचा पाडा आणि एका बाजूने स्टीलचा कठडा बसवा. पाणी घोट्याएवढं साचलं तर मोटर जळते, पण माणूस घसरला तर एफडी जाते. एकूण १ लाख १५ हजार, जीएसटी धरून १ लाख ३५ हजार ७००. हे बचत खात्यातून द्या. मागे १ लाख ४४ हजार उरतात आणि पेन्शन दरमहा येतेच आहे.

उरलेली धाकधूक घालवायला बँकेत जाऊन एफडीवर ओव्हरड्राफ्टची, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर लागतील तसे पैसे उचलण्याची, मर्यादा मंजूर करून ठेवा. साधारण ९० टक्क्यांपर्यंत मिळते, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त आणि तेही वापराल तेवढ्यावर, तेवढेच दिवस. समजा ऑपरेशनच्या वेळी दीड लाख उचलले आणि आठ महिन्यांनी फेडले, तर ८.२५ टक्क्यांनी ८,२५० रुपये व्याज पडेल. हात लावला नाही तर व्याज नाही. प्रोसेसिंग फी विचारून घ्या.

विम्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून बहुतेक कंपन्या देतात, तिच्यात पूर आणि पाणी शिरणं येतं. गाडीच्या पॉलिसीत ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर आहे का ते पाहा. पाण्यात उभी असलेली गाडी किल्ली फिरवून बघितली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर साध्या पॉलिसीतून तो खर्च मिळत नाही. पोर्चमध्ये पाणी आलं की गाडी सुरू करू नका, टोइंगवाल्याला बोलवा.

काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टेकतो आणि काँक्रीटला त्याआधी दहा-बारा दिवस पाणी मारायला हवं. पक्कं बिल घ्या आणि घराच्या कागदांत ठेवा. उद्या मुलाने घर विकलं तर नवीन बांधकामाचा भाग खरेदी किमतीत धरता येतो, कच्च्या चिठ्ठीवर नाही. आणि सगळे पैसे एकदम देऊ नका. पंधरा हजार मागे ठेवा आणि कामाआधीच कागदावर लिहून घ्या, की हे पहिल्या जोरदार पावसानंतर, गेट बंद असताना पोर्च कोरडा दिसला की मिळतील. गवंडी कुरकुर करेल. तेव्हा त्याला तो निळ्या स्लीपरचा व्हिडिओ दाखवा.