इंग्लंडमधल्या यॉर्कला दोनच दिवस आहेत? मग असं कर

अरे पहिल्यांदाच जातोयस ना, मग शनिवारी सकाळी सकाळी भिंतीवर चढ. जुन्या शहराभोवतीची ही तटबंदी साधारण साडेतीन किलोमीटर आहे, फुकट आहे, आणि स्टेशनच्या बाजूच्या तुकड्यावरून मिन्स्टर, म्हणजे इथलं मोठं कॅथेड्रल, काय दिसतं! पाऊस असेल तर बूट ग्रिपवाले घाल, दगड भयंकर निसरडे होतात, मी एकदा सपशेल आपटलोय.

नॅशनल रेल्वे म्युझियमला मात्र अख्खी दुपार ठेव, तिकीट नाही. १९३८ मध्ये ताशी १२६ मैल पळालेलं मॅलार्ड हे वाफेचं इंजिन तिथेच आहे, निळंशार, आणि जपानच्या पहिल्या पिढीच्या बुलेट ट्रेनचा डबासुद्धा, आत चक्क सीटवर बसता येतं.

मिन्स्टरला तिकीट आहे, पण पूर्वेची मोठी काचेची खिडकी १४०८ ची, तिच्यासाठी पैसे वसूल. नुसतं आत बसायचं असेल तर संध्याकाळच्या इव्हनसाँगला, म्हणजे गायनासह होणाऱ्या प्रार्थनेला जा, त्याला पैसे लागत नाहीत.

जॉर्विकचं, म्हणजे व्हायकिंग काळावरच्या संग्रहालयाचं, बुकिंग आधीच करून टाक, नाहीतर रांगेत उभा राहशील. तिथे व्हायकिंग काळातली खरीखुरी, दगडासारखी झालेली विष्ठा काचेत मांडलीये, म्हणून जेवण त्यानंतरच कर. शॅम्बल्स गल्ली दहा मिनिटांत होते, दुपारी मरणाची गर्दी असते.