एका कानाचा तोल गेल्यावर मेंदू आपोआप सावरतो का?

एका कानाकडून मिळणारी तोलाची संवेदना गेली, तर मेंदू आपोआप सावरतो का आणि किती दिवसांत, असे आपण विचारले आहे. 'आपोआप' या शब्दाला माझी हरकत आहे, कारण त्याच्याच पायी माझे दोन महिने खाटेवर गेले.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी पहाटे उठलो तो सारे घर गरगरत होते. डाव्या कानाच्या तोलाच्या नसेला सूज आल्याचे निदान झाले. ऐकू मात्र नीट येत होते. डॉक्टरांनी गरगरणे दाबणाऱ्या तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. आमच्या मोठ्या भाऊंनी त्या दुकानातून आणून दोन महिने चालू ठेवल्या आणि डोके हलवले तर नस आणखी दुखावेल, असे सांगून मला अंगणातही उतरू दिले नाही.

आपण स्थिर असतानाही दोन्ही कानांकडून मेंदूला सतत, सारख्याच जोराचे संदेश जात असतात. एक बाजू गप्प झाली की त्या तफावतीचा अर्थ मेंदू 'डोके फिरते आहे' असा लावतो. ही तफावत मेंदूच्या देठातील केंद्रे काही दिवसांत बरीचशी मिटवतात, आणि तेवढेच आपोआप होते. चालताना, मान वळवताना नजर घसरते, म्हणजे समोरचे हलल्यासारखे दिसते; ती सावरण्याचे काम लहान मेंदू त्या घसरण्यातूनच शिकतो. मी पडून राहिलो, त्यामुळे नजर घसरलीच नाही, आणि उरलेसुरले गोळ्यांनी दाबून टाकले. कॉथॉर्न आणि कुक्सी या इंग्रज डॉक्टरांनी १९४० च्या दशकातच डोके व डोळे हलवण्याचे व्यायाम सुचवले होते. मी तसलेच व्यायाम आणि धुऱ्यावरून चालणे सुरू केले, तेव्हा सहा आठवड्यांत वावरात एकटा जाऊ लागलो. भाऊ अजूनही म्हणतात की विश्रांतीनेच गुण आला.

रात्रीच्या विजेवर हरभऱ्याचे ओलित करताना मात्र मी आजही डगमगतो, कारण अंधारात डोळ्यांचा आणि चिखलात तळपायांचा आधार सुटतो, आणि त्या कानाची गेलेली तोलाची संवेदना काही परत आलेली नाही.

दिवस प्रत्येकाचे वेगळे लागतात, आणि पहिले दोन-तीन दिवस ओकाऱ्या होत असताना पडून राहण्यात गैर काही नाही. परंतु गरगरण्यासोबत बोलणे जड झाले, एका बाजूचे हातपाय लुळे वाटले किंवा आधाराशिवाय बसताही येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा तडक रुग्णालय गाठावे, आमच्या भाऊंचे ऐकू नये आणि माझेही.