सेनाबो से या स्वीडिश गायिकेची गाणी कुठून ऐकायला सुरुवात करावी? तिचा लाइव्ह कार्यक्रम पाहण्यासारखा असतो का?

सुरुवात 'यंगर'पासूनच करा. २०१३चं हे गाणं नॉर्वेचा डीजे कायगो याच्या रीमिक्समुळे जगभर पोचलं, पण मला मूळ गाणंच जास्त भावतं. रीमिक्समध्ये तिच्या भरदार आवाजाचं वजन थोडं हरवतं. मग 'प्रिटेंड' (२०१५) आणि 'आय अ‍ॅम अ ड्रीम' (२०१८) हे अल्बम ऐका. तिचे वडील गांबियाचे संगीतकार माउडो से. ती वाढली स्वीडनमधल्या हाल्मस्टाड शहरात आणि गांबियात, पुढे सोल संगीत शिकायला स्टॉकहोमला गेली.

लाइव्ह? संधी मिळाली तर सोडू नका. तोवर २०१६च्या ग्रामिस सोहळ्यातलं (स्वीडनचा ग्रॅमीच म्हणा ना) तिचं 'हार्ड टाइम' हे गाणं शोधून बघा. आधी सभागृहात, मग मंचावर काळे कपडे घातलेल्या शंभरेक कृष्णवर्णीय स्त्रिया उभ्या राहतात. नाच नाही, हातवारे नाहीत; त्या नुसत्या समोर बघत राहतात आणि ती गाते. अंगावर काटा येतो. आणि हो, हेडफोन लावूनच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर तिचा खालचा सूर पार मरतो.